पहिल्या प्रकरणातली नायिका

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या किशोर कादंबरीची पहिली तीन प्रकरणे वाचली. खानापूरकडच्या खेड्यातून मराठी माध्यमात दहावी होऊन बेळगावला पीयूसीसाठी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) आलेली नायिका तू निवडलीस, हे मला मनापासून आवडले. परंतु तिचे डोळे, तिची वेणी, घरची ओढगस्त आणि मनमिळाऊ स्वभाव हे सारे तू पहिल्याच पानावर, स्थळाच्या बायोडेटासारखे, सांगून मोकळी झालीस. मग पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाने पान उलटायचे ते कशासाठी?

त्याऐवजी तिसऱ्या प्रकरणातला बसचा प्रसंग आरंभी आण. कंडक्टरला ती बेधडक कन्नडमध्ये उत्तर देते, मैत्रिणीशी 'उतरूया की' म्हणत मराठीत बोलते, आणि तासाभराने वर्गात इंग्रजीतून साधे नाव-गाव विचारले असता, उत्तर येत असूनही, मान खाली घालते. एवढ्यात ती कोण, कुठली आणि तिचे कुठे अडते हे वाचकाला आपसूक कळते. गप्प राहण्याचे कारण लगेच उलगडू नकोस. मात्र निवेदन तिच्याच तोंडी असल्यामुळे तिला ठाऊक असलेली गोष्ट तू निव्वळ उत्सुकतेपोटी दडवलीस, तर वाचकाला फसवल्यासारखे वाटेल. ती स्वतःच त्या आठवणीला बगल देते आहे, असे दिसू दे.

लकबींविषयी एकच सांगतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आपल्या लक्षात राहतो तो नाकाडोळ्यांपेक्षा त्याच्या 'टॉक्'मुळे, कारण तो आवाज प्रसंगाच्या ओघात येतो. तुझ्या पात्रांच्या लकबी वर्णनात येतात आणि पुढे कुठेच कामी येत नाहीत. 'त्या वयात असे वाटतेच' यासारखी वाक्ये तर निखालस काढून टाक. आपल्या डोक्यावरून कोणी मोठ्यांशी बोलते आहे, हे त्या वयाच्या मुलांना फार लवकर उमगते.

बेळगाव ज्यामुळे आजच्या कर्नाटकात गेले त्या १९५६ च्या राज्य पुनर्रचनेवरचे दीड पान माहिती म्हणून चोख आहे, पण नायिकेची अजून ओळखही झालेली नसताना ते वाचणार कोण? (मी वाचले, पण माझे वय वेगळे.) सीमाप्रश्न १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनाच्या आणि सीमाभागातल्या मराठी माणसांच्या निषेधाच्या दिवसाच्या, प्रकरणातून येऊ दे. त्या दिवशी तिचा भाऊ दंडाला काळी फीत बांधून काळ्या दिनाच्या फेरीला निघालेला असावा, जिवलग मैत्रीण लाल-पिवळा झेंडा घेऊन राज्योत्सवाच्या मिरवणुकीत असावी, आणि या दोघांच्या मध्ये उभी राहून नायिका काय करते, ते लिही.

वर्गातल्या अकरा मुलांची नावे सध्या गाळलीस तरी चालेल. ज्याची गरज पडेल तो त्या वेळी येईल. शेजारच्या बाकावरची ही कन्नड मैत्रीण मात्र पहिल्याच प्रकरणात हवी, कारण नोव्हेंबरात झेंडा तिच्याच हाती असणार आहे.

तुझा शुभचिंतक