एवढासा नॉर्वे हिवाळी ऑलिम्पिकमध्ये इतकी पदकं कशी मिळवतो?

नुसता बर्फ हे काही उत्तर नाही, बर्फ इतरही देशांत पडतो. जेमतेम 55 लाख वस्तीच्या नॉर्वेने 2022 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये 16 सुवर्णांसह 37 पदकं मिळवली. मला खरं कारण वाटतं ते तिथल्या लहान मुलांच्या खेळात.

तिथे मुलांच्या खेळासाठी लेखी नियमच आहेत. 11 वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये निकालाची यादी किंवा क्रमवारी लावत नाहीत, आणि राष्ट्रीय अजिंक्यपद 13 व्या वर्षाआधी नाही. हरल्याचा शिक्का लवकर बसत नाही, त्यामुळे मुलं खेळ सोडत नाहीत. उशिरा उमलणारं पोरही हातचं जात नाही. आपल्याकडे दहाव्या वर्षी निवड चाचणीत बाद झालेल्या मुलांचं काय होतं, ते आठवून बघा!

शिवाय खेळ दाराशी आहे. ऑस्लोत लोक स्की घेऊन मेट्रोत बसतात आणि थेट जंगलाच्या कडेला उतरतात. तिथल्या कित्येक वाटांवर रात्री दिवे असतात, म्हणून शाळा-ऑफिस सुटल्यावरही सराव होतो. क्लब बव्हंशी पालकच विनामोबदला चालवतात.

अर्थात, क्रॉस-कंट्री स्कीइंग (बर्फावरून लांब पल्ल्याची स्की शर्यत) आणि बायथलॉन (स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र) यांमध्ये पदकंही भरपूर असतात, त्याचा फायदा होतोच.