आधी पाणी शोध

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. एका सुट्टीत इतकी शहरे पाहिलीस की आता कुठला दरवाजा कुठल्या गावचा हेही आठवेनासे झाले आहे, बुऱ्हाणपूर तर ‘पडक्या भिंती आणि जिलेबी’ यापलीकडे लक्षात नाही, आणि म्हणून आपल्याला शहर पाहण्याची नजरच नसावी असे तू लिहितोस. नजरेला काही झालेले नाही. जुन्या शहरात पाऊल ठेवले की आधी पाणी शोधायचे असते: ते कुठून येत होते, कोणी आणले, कोणाला मिळत होते आणि कोणाला मिळू दिले जात नव्हते. किल्ला, मशीद, देऊळ, बाजार हे सारे त्यानंतर.

तू शाही किल्ला पाहिलास. मुमताज १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात वारली आणि तिला आधी तापीपलीकडे जैनाबादेत दफन केले होते, हे तुला तिथे सांगितले गेले आणि तू ते पत्रात उतरवलेस. पण किल्ल्याच्या पायाशी एवढी तापी वाहत असताना १६१५ च्या सुमारास सुभेदार अब्दुर रहीम खान-ए-खानान याला (दोहे लिहिणारा रहीम तो हाच) जमिनीखालून पाणी का आणावेसे वाटले, हा प्रश्न तुला पडायला हवा होता. नदीचे पात्र शहरापेक्षा बरेच खाली आहे, आणि मोगलांच्या दख्खनच्या मोहिमांचा तळ तिथे असल्यामुळे माणसे, घोडे, हत्ती यांना पाणी पुरवणे ही रोजची लढाई होती. म्हणून सातपुड्याच्या उतारावरून मुरणारे पाणी भूमिगत बोगद्यांत धरले आणि मोट नाही, रहाट नाही, केवळ उताराच्या बळावर गावापर्यंत पोहोचवले. तोच कुंडी भंडारा. वरून पाहिले तर रानात विहिरींच्या तोंडांची एक रांग दिसते. त्यांपैकी एका कुंडीतून सुमारे ८० फूट खाली उतरले की वाहत्या पाण्यात उभे राहता येते. भिंतींवर क्षारांचे पांढरे थर चढलेले असतात आणि पुढच्या कुंडीतून उजेड पाण्यावर पडतो. भिंतीला हात लावला की ओल लागते. दगडातून झिरपणारी ती ओल हाच त्या साऱ्या योजनेचा उगम. त्या गावी जाऊन तू जिलेबी खाल्लीस आणि पुढची गाडी पकडलीस, याचा मला खरोखर राग आला.

राग अशासाठी की पाण्यामागे गेले की इतिहास आपोआप उलगडतो. बुऱ्हाणपुरात खान-ए-खानान बोगदे खणवत होता, तेव्हा त्याचा शत्रू, निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, खडकी म्हणजे आजचे संभाजीनगर वसवत होता, आणि त्या खडकीलाही त्याने नहर-ए-अंबरीचे पाणी असेच जमिनीखालून आणले. १६१६ मध्ये खान-ए-खानानचा मुलगा शाहनवाज खान याने अंबरचा पराभव करून ती खडकी लुटली. शाहनवाजची कबर बुऱ्हाणपुरात ‘काळा ताज’ म्हणून दाखवतात. तू तिच्यासमोर फोटो काढला आहेस. संभाजीनगरला पाणचक्की पाहायला जाणाऱ्यांपैकी कितीजणांच्या मनात हे दोन गाव एकत्र येतात?

पुण्यात राहून तू कात्रजच्या तलावावरून शेकडो वेळा गेला असशील. नानासाहेब पेशव्यांच्या काळात तिथून दगडी नळाने शहरात पाणी आले, वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर पडायला दगडी मनोरे, बांधले, आणि त्या पाण्यावर पेठांतले हौद भरले. पण त्याच पुण्यात १८६८ साली जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला. पेठेतले सुंदर वाडे पाहून हे कळत नाही. हौदापाशी उभे राहून, इथे घागर कोणाला बुडवता येत नव्हती, असे विचारल्यावर कळते. त्या हौदांवर पाणी भरलेल्या बायकांची शेवटची पिढी माझ्या डोळ्यांदेखत गेली आणि तिच्याकडून कोणी काही लिहून घेतले नाही, याचे दुःख मला अजून जाळते.

माझ्या वयाचे लोक वीस-वीस देश पाहून आले आहेत. मी वर्षानुवर्षे त्याच चार-पाच गावांत जातो म्हणून ते मला हट्टी म्हणतात, काही जण आळशीही म्हणतात. म्हणोत. एका गावाचे पाणी समजायलाच मला अनेक खेपा लागतात, आणि ते समजल्यावाचून पुढच्या गावी जायला माझे मन घेत नाही. यात मी काही गमावले असेन, पण माझी शहरे एकमेकांत मिसळत नाहीत.

खाण्याचा प्रश्नही तू विचारला आहेस. मावा जिलेबी चांगलीच आहे, जाड, काळपट आणि आतून ओलसर. पण ती तुला रमजानात मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरही मिळेल. बुऱ्हाणपूर हे विणकरांचे गाव आहे आणि त्यांच्या मोहल्ल्यांत यंत्रमागांचा खडखडाट अजून चालू असतो. तिथे मांडा करणाऱ्यासमोर थोडा वेळ उभा राहा. हातांवर झेलत झेलत तो कणकेचा गोळा रुमालाएवढा पातळ करतो आणि उलट्या कढईवर पसरतो. खानदेशातल्या आपल्या बायका पुरणाचा मांडा असाच हातावर वाढवून खापरावर टाकतात. पाककृती कोणाकडून कोणाकडे गेली याचा निकाल लावण्याची घाई करू नकोस. करणाऱ्याला विचार, घरच्यांना विचार.

दिवाळीनंतर पुन्हा बुऱ्हाणपूरला जा, एकट्या बुऱ्हाणपूरला. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. खाली उतरण्याची सोय त्या दिवशी बंद असली तर वैतागून परत फिरू नकोस. कुंड्यांच्या रांगेने वरून गावाकडे चालत ये, उतार तुझ्या पायांना कळेल. परत आल्यावर मला फोटो नकोत. कुठल्या कुंडीपासून कुठल्या मोहल्ल्यापर्यंत चाललास आणि वाटेत कोणी काय सांगितले, ते सविस्तर लिही.

तुझा,
काका