पायथन प्रोजेक्टच्या सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमध्ये) कोडमधल्या चुका शोधायला रफ वापरू की फ्लेकएट? तपासणी नापास झाली तर मर्ज (बदल मुख्य शाखेत, म्हणजे मेनमध्ये, घेणं) अडवावा, की नुसती वॉर्निंग पुरे?

रफ घ्या. रस्टमध्ये लिहिलेलं आहे, खूप वेगवान आहे, फ्लेकएटचे रोजच्या वापरातले नियम त्यात आहेत. यावर जास्त विचार करत बसू नका.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र मला बोलायचंच आहे. मर्ज अडवा. नापास होऊनही कोड मेनमध्ये जाणार असेल तर ती तपासणी काढूनच टाका, निदान हिरवी टिक बघून कुणाची फसगत तरी होणार नाही.

मी आधी ज्या टीममध्ये होतो तिथे टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टचं आउटपुट पाइपने टी कमांडला (ती आउटपुट दाखवते आणि फाइलीतही लिहिते) दिलं होतं, लॉगची फाइल हाताशी राहावी म्हणून. गिटहब ॲक्शन्समध्ये (गिटहबची सीआय सेवा) तुम्ही शेल नेमलं नाही तर बॅशला पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड पडली तर सगळं नापास धरणारा पर्याय) लागत नाही. मग पाइपमधल्या शेवटच्या कमांडचाच एक्झिट कोड धरला जातो, आणि टीचं काम नीट झालं की ती शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', देते. टेस्ट पडत होत्या आणि पीआर (मर्जसाठी पाठवलेले बदल) हिरवे दिसत होते. दुसरंच काही शोधताना मी लॉग उघडला तेव्हा हे कळलं. दुरुस्ती एका ओळीची: त्या स्टेपला 'शेल: बॅश' लिहिलं की पाइपफेल आपोआप लागतो. मी पीआर टाकला. लीडनी तो अडकवून ठेवला. "आत्ता लाल झालं तर सगळ्यांची कामं थांबतील. रिलीज होऊ दे, मग बघू." कोणती टेस्ट खरी चूक दाखवतेय आणि कोणती जुनी झालीय, याची यादी मी करून दिली. ती कुणी उघडलीही नाही. रिलीज गेलं, ३१ तारखेच्या नोंदींचा पुढचा महिना चुकीचा निघाला आणि ग्राहकांच्या तक्रारी सुरू झाल्या. नेमकी हीच चूक पकडणारी टेस्ट लॉगमध्ये नावासकट पडलेली होती. नंतरच्या मीटिंगमध्ये ठरलं काय, तर टेस्ट कव्हरेज वाढवायचं! अहो, टेस्ट होती. कुणीतरी विचार करून लिहिली होती. तिचं ऐकायची सोय आपण बंद केली होती.

अडवल्याने वेग कमी होतो हे मला मुळीच मान्य नाही. लिहिणाऱ्याच्या डोक्यात कोड ताजा असतो तेव्हाच दुरुस्ती पटकन होते.

तुमच्याकडे ब्रँच प्रोटेक्शनमध्ये (मुख्य शाखेत काय जाऊ द्यायचं याचे नियम) तो चेक 'रिक्वायर्ड' केलाय का बघा. केला नसेल तर लाल असूनही मर्ज करता येतो. वर्कफ्लोच्या फाइलीत नापास झालं तरी पुढे जाऊ देणारं 'कंटिन्यू-ऑन-एरर' शोधा, गिटलॅबवर असाल तर 'अलाऊ-फेल्युअर'. प्री-कमिट हुकच्या (कमिटआधी आपल्याच मशीनवर चालणारी तपासणी) भरवशावर राहू नका, 'नो-व्हेरिफाय' देऊन तो कुणीही टाळू शकतो. रफची आवृत्ती पक्की करून ठेवा, नाहीतर कोड तोच असताना नव्या आवृत्तीमुळे बिल्ड पडेल.

जुना कोड फार असेल तर पहिल्या दिवशी सगळं लाल होईल, हे खरं. रफच्या 'ॲड-नोक्यूए' पर्यायाने आहेत त्या चुकांवर खूण करून घ्या आणि नव्या चुकांना अडवा. कधी पास, कधी नापास होणाऱ्या टेस्ट वेगळ्या जॉबमध्ये काढा, तो जॉब रिक्वायर्ड ठेवू नका, पण त्या दुरुस्त कोण करणार त्याचं नाव ठरवा. रिक्वायर्ड वर्कफ्लोला पाथ फिल्टर (ठरावीक फाइली बदलल्या तरच चालव, अशी अट) लावू नका, तो वगळला गेला की चेक 'पेंडिंग'च राहतो आणि पीआर अडकतो.

आणि "रिलीजनंतर बघू" असं कुणी म्हणालं तर ते पीआरच्या कमेंटमध्ये, तारखेसकट लिहून मागा.