टेक्सासच्या आडगावात घटस्फोटाचा वकील करायचा तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नवरा डॉक्टर आहे, जे-१ वेव्हरच्या (प्रशिक्षणानंतर मायदेशी परतण्याच्या अटीतून परदेशी डॉक्टरला मिळणारी सूट) अटीमुळे पश्चिम टेक्सासमधल्या एका छोट्या गावच्या हॉस्पिटलात तीन वर्षांसाठी बांधला गेलाय, त्यातलं एक वर्ष झालं. तुम्ही नाशिकहून एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला जोडीदाराचा व्हिसा) निघताय. संसार ताणलेला आहे, एकदा एकत्र राहून बघायचं दोघांनी ठरवलंय. नाहीच जमलं तर त्या गावात वकील कसा करायचा, पैसे किती लागतात, आणि तिथला निकाल भारतात चालतो का?

आधी एक गैरसमज. तिथे दावा लावायला तुम्ही स्वतः सहा महिने टेक्सासात राहिलेलं असायला हवं, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. दोघांपैकी कुणीही एक जण राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ९० दिवस राहिलेला असला की पुरतं. जोडीदार टेक्सासात सहा महिने कायम राहणारा असेल, तर परदेशात असलेली व्यक्तीही त्याच्या काउंटीत दावा लावू शकते (फॅमिली कोडचं ६.३०२ कलम). म्हणजे नाशिकात बसूनही तुम्हाला दावा लावता येतो, आणि तुम्ही विमानात बसण्याआधी त्यालाही लावता येतो. मूल असेल तर मात्र सहा महिन्यांचा आकडा खराच महत्त्वाचा. मूल तिथे सलग सहा महिने राहिलं की ताब्याचा निर्णय टेक्सासच्या कोर्टाकडे जातो. नंतर तुम्ही मुलाला घेऊन परत आलात तरी बाप तिथे असेपर्यंत पुढचे सहा महिने तो अधिकार तिथेच राहतो. भारत हेग अपहरण करारात (परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याचा आंतरराष्ट्रीय करार) नाही, हे समोरचा वकील पहिल्याच सुनावणीत काढेल आणि मुलाचा पासपोर्ट कोर्टाच्या ताब्यात मागेल.

आता काउंटीकडे. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत, आणि लहान काउंटीला स्वतःचा असा जिल्हा न्यायाधीश बहुधा नसतो. एकच न्यायाधीश तीन-चार काउंट्या फिरतो आणि प्रत्येक कोर्टहाउसमध्ये ठरलेल्या दिवशी बसतो. तो दिवस हुकला की पुढची तारीख थेट पुढच्या फेरीला. आठ हजारांपेक्षा कमी वस्तीच्या काउंटीत डिस्ट्रिक्ट क्लार्क (कोर्टाचं दप्तर सांभाळणारा) आणि काउंटी क्लार्क (काउंटीचं दप्तर सांभाळणारा) हे एकच टेबल असतं. फोन उचलणारी बाई शांतपणे, नीट माहिती देते, पण कायद्याचा सल्ला देऊ शकत नाही. तिला विचारायचं ते एवढंच की न्यायाधीश कुठल्या दिवशी बसतात आणि काउंटीचा स्टँडिंग ऑर्डर आहे का. असा ऑर्डर असेल तर दावा लागल्या क्षणापासून दोघांनाही जॉइंट खातं रिकामं करायला, विमा बंद करायला बंदी असते.

वकील गावातला करू नका. गावात तीन-चार वकील असतील, त्यातला एक हॉस्पिटल डिस्ट्रिक्टचं (हॉस्पिटल चालवणाऱ्या सरकारी संस्थेचं) काम बघत असेल, म्हणजे तुमच्या नवऱ्याला पगार देणाऱ्याचं. दुसऱ्याची आई तुमच्या नवऱ्याची पेशंट. तिसरा कदाचित काउंटी अॅटर्नीही (काउंटीचा सरकारी वकील) असेल, कारण लहान काउंटीत ते पद सांभाळून खासगी वकिली करतात. पण शहरातला, डॅलस किंवा ऑस्टिनचा नावाजलेला वकीलही नको. त्या न्यायाधीशाला मुलांच्या भेटीचं वेळापत्रक कसं लागतं, तात्पुरत्या आदेशाच्या सुनावणीला तो किती वेळ देतो, हे त्याला ठाऊक नसतं, आणि येण्याजाण्याचे पैसे तुमच्याकडून घेतो. हवा तो शेजारच्या मोठ्या गावातला, लबक, मिडलंड, अॅबिलीन किंवा सॅन अँजेलोसारख्या ठिकाणचा, आणि याच न्यायाधीशासमोर नेहमी उभा राहणारा. विचारायचा नेमका प्रश्न: ‘गेल्या वर्षभरात या न्यायाधीशांसमोर तुमच्या किती केसेस झाल्या?’ गोलमोल उत्तर आलं की पुढचा नंबर फिरवा.

स्टेट बार ऑफ टेक्सासच्या संकेतस्थळावर प्रत्येक वकिलाचं लायसन्स चालू आहे का आणि त्याच्यावर जाहीर शिस्तभंगाची कारवाई झालीय का ते दिसतं. ‘बोर्ड सर्टिफाइड, फॅमिली लॉ’ असं असेल तर किमान पाच वर्षांची वकिली, परीक्षा आणि सहव्यावसायिकांची शिफारस यातून तो गेलाय. आडगावात असे थोडेच मिळतात, आणि दोघांच्या सहमतीच्या साध्या केसला त्याची गरजही नाही. धंद्याचं मूल्यांकन किंवा मुलाच्या ताब्याची लढाई असेल तर मात्र फरक पडतो.

पहिला फोन भारतातूनच करून ठेवा, आणि त्यात फक्त नावं सांगा: तुमचं, नवऱ्याचं, मुलाचं, नवऱ्याच्या मालकाचं. ‘कॉन्फ्लिक्ट चेक करून घ्या, मग बोलते,’ एवढंच, म्हणजे समोरची बाजू आधीच त्याची अशील नाही ना, हे तो तपासेल. हकिकत नंतर. कारण एकदा वकिलाने एका बाजूची गुपितं ऐकली की त्याला सहसा दुसऱ्या बाजूने उभं राहता येत नाही. चलाख नवरा याच नियमाचा फायदा घेतो: जवळपासच्या सगळ्या चांगल्या वकिलांकडे अर्ध्या तासाचा सल्ला घेऊन बसतो, आणि बायकोला शंभर मैलांत कुणी उरत नाही. म्हणून दोन-तीन नावं आधीच पक्की करून ठेवा. फोन नवऱ्याच्या फॅमिली प्लॅनवरून नको, कारण बिलावर नंबर दिसतात. नवा ईमेल काढा, त्याचा पासवर्ड घरातल्या कुठल्याच यंत्रावर साठवू नका.

पैशांचं गणित बहुतेकांना कळतं ते पहिलं बिल आल्यावर. तुम्ही जे आगाऊ भरता ते रिटेनर वकिलाची फी नसते, तो त्याच्या ट्रस्ट अकाउंटमध्ये (अशिलांच्या पैशांचं वेगळं खातं) तुमच्या नावाने पडून असतो आणि कामाप्रमाणे त्यातून कापला जातो. वेळ मोजतात तो बहुधा सहा मिनिटांच्या तुकड्यात. ताशी ३०० डॉलर दर धरला तर दोन ओळींच्या ईमेललाही ३० डॉलर. शेजारच्या गावाहून येताना सव्वा तास, जाताना सव्वा तास आणि कोर्टात दहा मिनिटं, म्हणजे ती दहा मिनिटं तुम्हाला ८०० डॉलरच्या आसपास पडली. म्हणून लेखी करारात या गोष्टी बघा: प्रवासाचा दर पूर्ण की अर्धा, पॅरालीगलचा (वकिलाच्या मदतनिसाचा) दर किती, शिल्लक किती खाली गेली की पुन्हा भरायची, आणि केस लवकर मिटली तर उरलेलं परत मिळतं का. ‘नॉन-रिफंडेबल’ शब्द दिसला तर सही करण्याआधी त्याचा अर्थ लिहून मागा. छोट्या सुनावण्या झूमवर होतील का, हेही विचारा. ते न्यायाधीशाच्या हातात असतं. रोज फोन करण्यापेक्षा आठवड्याचे प्रश्न एका ईमेलमध्ये पाठवणारी अशील निम्म्यात सुटते.

तुमच्याकडे कमाई नाही म्हणून घाबरू नका. दावा लागल्यावर तुमच्या वकिलाने तात्पुरत्या आदेशासाठी अर्ज करायचा, त्यात केस चालेपर्यंतचा खर्च आणि वकिलाची फी नवऱ्याने भरावी असं न्यायाधीश सांगू शकतात. हा अर्ज दाव्यासोबतच गेला पाहिजे. पहिल्या रिटेनरपुरते पैसे मात्र लागतातच. माहेरून येणार असतील तर ते तुमच्या एकटीच्या खात्यात आणि ‘भेट’ असं लिहून यावेत.

आता निकालानंतरचा पैसा. आपल्याकडच्या पोटगीच्या हिशेबाने जाल तर फसाल. लग्नाला किमान दहा वर्षं झालेली असतील आणि तुम्ही किमान गरजेपुरतंही कमवू शकत नसाल, किंवा घरगुती हिंसेत नवरा दोषी ठरला असेल, अशा मोजक्याच परिस्थितीत तिथे निकालानंतर मेंटेनन्स मिळतो. तोही महिना ५,००० डॉलर किंवा त्याच्या ढोबळ मासिक उत्पन्नाच्या २० टक्के, यातली कमी असेल ती रक्कम, हीच वरची मर्यादा. चार-पाच वर्षांच्या लग्नात त्यामुळे सगळं वजन मालमत्तेच्या वाटणीवर येतं. लग्नानंतरचं उत्पन्न कुणाच्याही नावावर असो, ते दोघांचं. पण वाटणी अर्धी-अर्धीच असं नाही, न्यायाधीशाला न्याय्य वाटेल तशी. लग्नाआधीचं, वारशाचं आणि भेट मिळालेलं ज्याचं त्याचं, पण ते सिद्ध तुम्ही करायचं आणि पुरावा भक्कम हवा. तुमचं स्त्रीधन भेटीत बसतं. लग्नातले फोटो, सोनाराच्या पावत्या, लॉकरची नोंद आत्ताच स्कॅन करा. नाशिकचा फ्लॅट लग्नानंतर घेतला असेल तर तोही हिशेबात येतो. तिथलं कोर्ट इथल्या मालमत्तेच्या नोंदीत नाव बदलू शकत नाही, पण नवऱ्याला सही करायला भाग पाडू शकतं. इंडेक्स टू मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह सुनावणीच्या ४५ दिवस आधी समोरच्याला द्यावं लागतं. हे शेवटच्या आठवड्यात आठवतं आणि कागद बाजूला पडतो.

सगळ्यात मोठा धोका तुमच्या व्हिसाचा. निकालावर सही झाली की एच-४ चा आधार गेला. नोकरी सुटलेल्या एच-१बीवाल्याला (नोकरीचा व्हिसा) मिळते ती ६० दिवसांची सवलत घटस्फोटाला नाही. राहायचं असेल तर बी-२ (पर्यटक) किंवा एफ-१ (विद्यार्थी) साठी आय-५३९ (व्हिसाचा दर्जा बदलण्याचा) अर्ज निकालाच्या आधी पोचलेला हवा. टेक्सासमध्ये दावा लागल्यापासून निकालापर्यंत किमान ६० दिवस जावेच लागतात (हिंसेच्या काही प्रकरणांत सूट आहे), तेवढाच तुमचा अवधी समजा. घटस्फोटाच्या वकिलाला हे कळत नाही आणि कळतं असा आवही त्याने आणू नये. इमिग्रेशनचा वकील वेगळा करा. तो कायदा केंद्राचा असल्यामुळे तो न्यू जर्सीतला मराठी माणूस असला तरी चालतो. दोघांची एकदा गाठ घालून द्या आणि निकालाची तारीख त्यांना मिळून ठरवू द्या.

सही करण्याआधी थांबायचे कागद दोन. पहिला ‘वेव्हर ऑफ सर्व्हिस’, म्हणजे दाव्याचे कागद रीतसर बजावून घेण्याचा हक्क सोडल्याचा कागद. नवरा म्हणेल, शेरीफ घरी यायला नको, नोटरीपुढे एवढी सही कर. त्या पानाच्या मधल्या परिच्छेदात पुष्कळदा पुढच्या सुनावणीची नोटीस मिळण्याचा हक्कही सोडलेला असतो. त्याऐवजी रीतसर कागद हातात पडू द्या आणि उत्तर दाखल करा. मुदत विचित्र आहे: मिळाल्यापासून २० दिवस संपल्यानंतरच्या सोमवारी सकाळी दहा. ५ मार्च २०२६ ला मिळाले तर २५ ला वीस दिवस भरतात, म्हणून ३० मार्च, सकाळी दहा. हुकलं तर तुमच्याविना निकाल लागू शकतो. दुसरा कागद मध्यस्थीतला समझोता. ठळक अक्षरांत ‘हा मागे घेता येणार नाही’ असं लिहून दोघांनी आणि हजर वकिलांनी सह्या केल्या की न्यायाधीशालाही तो सहसा मोडता येत नाही. संध्याकाळी सात वाजता, उपाशीपोटी त्यावर सही करू नका.

मारहाण झाली तर यातलं काहीही नंतर. ९११, आणि मग काउंटी किंवा डिस्ट्रिक्ट अॅटर्नीकडून संरक्षण आदेशाचा अर्ज. त्याला तुमच्याकडून फी घेत नाहीत.

भारतात निकाल चालण्याचं सूत्र सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी खटल्यात घालून दिलंय. टेक्सासचं ‘पटत नाही’ हे कारण हिंदू विवाह कायद्यात नाही, म्हणून एकतर्फी निकाल इथे टिकत नाही. दोघांनी स्वेच्छेने तिथल्या कोर्टाचा अधिकार मान्य करून संमतीने घेतला असेल तर टिकतो. म्हणून उत्तर दाखल करा, आणि अंतिम निकालपत्रात ‘दोघेही हजर, दोघांची संमती’ हे वाक्य वकिलाला घालायला लावा. नाहीतर इथे येऊन १३-ब खाली (परस्पर संमतीचा घटस्फोट) पुन्हा अर्ज, किंवा कौटुंबिक न्यायालयात वैवाहिक दर्जाच्या घोषणेचा दावा. निकाल लागल्यावर क्लार्ककडून प्रमाणित प्रती तीन घ्या, त्यातल्या दोनवर टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का) करून घ्या, आणि हे सगळं तिथून निघण्याआधी उरका. नाशिकहून पत्रव्यवहार करून मागवायला महिने जातात.