ज्यूरिखचा पगार आणि म्युनिकची रजा

म्युनिकहून एका वाचकाचे पत्र आले आहे. ते सॉफ्टवेअर अभियंता आहेत. घरात साडेतीन वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचा मुलगा आहे. सध्या त्यांना वर्षाला ८८,००० युरो मिळतात आणि ज्यूरिखच्या एका कंपनीने १,४५,००० स्विस फ्रँक देऊ केले आहेत. जावे की नाही, असे ते विचारतात. पत्रासोबत त्यांनी हिशेबाचा नेटका तक्ता जोडला आहे. त्याच्या तळाशी एक ओळ आहे, आणि मी तिथेच थांबले : ‘सौ. सध्या घरीच आहे, त्यामुळे तिचा पगार दोन्ही रकान्यांत शून्य धरला आहे.’

तुम्ही मनापासून लिहिले आहे, म्हणून मीही स्पष्ट लिहिते. तुमच्या पत्नी ‘घरीच’ नाहीत. तुमच्याच पत्रात पुढे आहे की त्या चाचणी विभागात आठवड्याला तीस तास काम करत होत्या आणि आता एल्टर्नत्साइटवर, म्हणजे मुलांच्या संगोपनासाठीच्या रजेवर, आहेत. जर्मनीत ही रजा प्रत्येक मुलामागे तीन वर्षांपर्यंत मिळते, तेवढा काळ नोकरी सुरक्षित राहते आणि रजेतही आठवड्याला बत्तीस तासांपर्यंत काम करता येते. जी नोकरी आज त्यांच्या नावावर राखून ठेवलेली आहे, तिच्यापुढे तुम्ही शून्य लिहिलेत.

आता तुमचाच तक्ता पुन्हा मांडू. ज्यूरिखमध्ये तुमच्या अंदाजाने महिन्याला ९,४०० फ्रँक हातात येतील. त्यातून साडेतीन खोल्यांच्या घराचे भाडे ३,२०० जाईल. आरोग्य विमा तिथे माणशी भरावा लागतो, मुलांचासुद्धा, त्यामुळे चौघांचे हजारभर फ्रँक धरा. राहिले ५,२००. म्युनिकमध्ये हातात ५,००० युरो येतात, भाडे २,००० आहे, आणि सार्वजनिक विम्यात कमाई नसलेली पत्नी व मुले वेगळा हप्ता न भरता तुमच्याबरोबर येतात. राहिले ३,०००. मुलांचा भत्ता दोन्हीकडे मिळतो, तो बाजूला ठेवू. फ्रँक युरोपेक्षा थोडा वरचढ असल्यामुळे कागदावर ज्यूरिख महिन्याला दोन-अडीच हजारांनी पुढे दिसते, पण किराणा, रेल्वे आणि बाहेरचे जेवण त्यातला बराच भाग खाते. जे उरते, जवळजवळ तेवढेच तुमच्या पत्नी तीस तासांच्या नोकरीत घरी आणत होत्या.

‘तिला ज्यूरिखला सहज काम मिळेल,’ असे तुम्ही लिहिता. मिळेलही, पण मुले कुठे ठेवणार? ज्यूरिखला पाळणाघराचा विनाअनुदान दर दिवसाला साधारण १२० ते १५० फ्रँक आहे, आणि तुमच्या उत्पन्नावर अनुदानाची आशा धरू नका. दोन मुलांचे पाच दिवसांचे साडेपाच हजारांच्या आसपास होतात. चार वर्षांची झाल्यावर मुलगी सक्तीच्या आणि मोफत बालवाडीत जाईल हे खरे, परंतु स्विस शाळेची जुनी रीत अशी की मूल दुपारी जेवायला घरी येते. ज्यूरिख शहराने २०२२ मध्ये दिवसभराच्या शाळांच्या बाजूने कौल दिला असला तरी हा बदल शाळागणिक टप्प्याटप्प्याने होतो आहे.

या जेवणाच्या सुट्टीबद्दल मी ऐकीव बोलत नाही. २००४ मध्ये यजमानांच्या बदलीमुळे आम्ही स्टुटगार्टहून ज्यूरिखजवळच्या विंटरथुरला आलो, आणि मी विमा कंपनीतली हिशेबनिसाची नोकरी सोडली. आम्हीही असाच तक्ता केला होता. मुलगी बाराला घरी यायची, दीडला परत जायची, आणि त्या दीड तासाभोवती माझी सात वर्षे गेली. पुन्हा काम शोधू लागले तेव्हा मुलाखतीत माझ्या आधीच्या अनुभवाबद्दल कोणी एक प्रश्नही विचारला नाही. माझी धाकटी जाऊ म्युनिकलाच राहिली, तिने अर्धवेळ काम धरून ठेवले, आणि तिच्या निवृत्तिवेतनाच्या पत्रकात त्या वर्षांचीही नोंद आहे. स्वित्झर्लंडमध्ये निवृत्तीचा दुसरा स्तंभ, म्हणजे सरकारी पेन्शनवरचा नोकरीतला निवृत्तिनिधी, नोकरीतूनच उभा राहतो, त्यामुळे त्या सात वर्षांचे माझे तिथे काहीच जमा नाही. यजमानांनी कधी हात आखडता घेतला नाही, पण त्या वर्षांत स्वतःसाठी चपला घेतानाही मी मनात परवानगी मागत असे.

तुमचे बाकीचे प्रश्न यापुढे लहान आहेत. मुलांच्या जर्मनची काळजी सोडा. बालवाडीत स्विस-जर्मन बोली ऐकतील, शाळेत प्रमाण भाषा शिकतील. आईवडिलांच्या भेटीला दोन्ही देशांत शेंगेनचा तोच नियम आहे, १८० दिवसांत ९० दिवस. नागरिकत्वासाठी जर्मनीत २०२४ पासून पाच वर्षे पुरतात, स्वित्झर्लंडमध्ये दहा लागतात, आणि जर्मनीतली वर्षे तिथे मोजली जात नाहीत. ज्यूरिखला घर मिळणे मात्र कठीण आहे : २०२४ च्या मोजणीत शहरात हजारात एकही घर रिकामे नव्हते.

नकार द्या असे मी म्हणत नाही. कंपनीकडे उत्तरासाठी दोन आठवडे वाढवून मागा. त्या काळात तिसरा रकाना तुमच्या पत्नीला त्यांच्या हाताने भरू द्या : त्यांचा पगार, निवृत्तिवेतन आणि त्यांना कोणते काम करायचे आहे ते. तुमच्या दोन पानी पत्रात त्यांचे स्वतःचे म्हणणे मला एकदाही सापडले नाही. पुढचे पत्र त्यांनी लिहिले तर मला आवडेल.