जहाज बंदरात, मित्र शहरात

वाचकांचे प्रश्न : प्रवास

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची आहेत. क्रूझचे जहाज वाटेत एखाद्या बंदरात काही तास थांबते, त्या गावात किंवा जवळपास आपले कोणी राहत असते आणि त्या वेळात भेट कशी जुळवावी, असे तिघांनीही विचारले आहे. म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. आम्ही उभयता डिसेंबरात सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर जात आहोत. जहाज पोर्ट क्लांग, पेनांग आणि फुकेत येथे एकेक दिवस थांबून सिंगापूरला परतते. तेव्हाच्या औरंगाबादेत अभियांत्रिकी महाविद्यालयात माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र अनेक वर्षांपासून क्वालालंपूरला स्थायिक आहे. तो फोनवर म्हणाला, "जहाज क्वालालंपूरलाच येतंय ना, मग वहिनींना घेऊन सरळ घरी जेवायलाच ये." वेळापत्रकात "क्वालालंपूर (पोर्ट क्लांग), सकाळी ८ ते सायंकाळी ५" असे छापले आहे. नऊ तास हाताशी असताना त्याच्या घरी जेवून आणि जुळे मनोरे पाहून आम्ही निवांत परतू शकू ना? आमची लेक मात्र हा बेत नको म्हणते. — एक वाचक, लातूर

उत्तर : आपल्या लेकीचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यासाठी भेट रद्द करण्याचे कारण नाही, फक्त भेटीची जागा बदलावी लागेल. क्रूझच्या वेळापत्रकात शहराचे नाव आधी येते आणि जहाज प्रत्यक्षात जिथे उभे राहते ते बंदर कंसात जाते, कारण तिकीट शहराच्या नावावर खपते. रोम म्हणून छापलेले बंदर चिवितावेक्किया असते, पॅरिस म्हणून छापलेले ल हाव्र असते आणि बँकॉक म्हणून छापलेले लेम चाबांग असते. तिथून ते ते शहर ऐंशीपासून दोनशे किलोमीटरपर्यंत दूर असते. त्या मानाने क्वालालंपूर जवळ आहे. परंतु पोर्ट क्लांगचा क्रूझ धक्का इंदाह नावाच्या बेटावर, मालवाहू बंदराच्या बाजूला आहे. तिथून क्वालालंपूरच्या मध्यवस्तीत जायला रस्ता मोकळा असेल तर तास-सव्वा तास लागतो, आणि गर्दीच्या वेळी किती लागेल ते आपल्या मित्रालाच विचारावे.

आता नऊ तासांचा हिशेब करून पाहू. जहाज आठ वाजता धक्क्याला लागले तरी स्थानिक अधिकाऱ्यांची तपासणी संपेपर्यंत कोणालाही उतरता येत नाही. त्यानंतर हजार-दोन हजार माणसे एकाच गँगवेवरून खाली येतात आणि त्यांतही जहाजाच्या सहली घेतलेल्यांना आधी सोडतात, म्हणून आपण टॅक्सीत बसेपर्यंत साडेनऊ सहज वाजतील. सायंकाळी पाच ही जहाज सुटण्याची वेळ झाली. परतणाऱ्या प्रवाशांसाठी दार त्याच्या अर्धा ते एक तास आधीच बंद होते आणि ती वेळ आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या दैनंदिन पत्रकात दिलेली असते. म्हणजे चार वाजता आपण जहाजावर हवे, आणि वाटेतल्या खोळंब्यासाठी तासभर राखून ठेवायचा, तर मित्राच्या घरून दीडच्या सुमारास निघायला हवे. साडेदहा-अकराला पोहोचून दीडला उठायचे, त्यात जेवण, घर दाखवणे आणि सुनेची-नातवंडांची ओळख. मनोऱ्यांना तर वेळच उरत नाही. शिवाय जेवताना दर दहा मिनिटांनी घड्याळाकडे पाहणारा पाहुणा यजमानालाही नकोसा होतो.

जहाज कोणासाठी थांबत नाही, हे मित्राला स्पष्ट सांगावे. जहाजाकडूनच घेतलेली सहल उशिरा परतली तर सहसा वाट पाहतात, स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्या प्रवाशाची पाहत नाहीत. असा प्रवासी मागे राहिला, तर पुढच्या बंदरापर्यंतचे विमान, मुक्काम आणि कागदपत्रांची खटपट सगळे त्याच्याच खर्चाने होते. देवगिरी एक्स्प्रेस परभणीला थांबते तेव्हा सोयरे डबा घेऊन फलाटावर येतात, प्रवाशाला उतरवून घरी जेवायला नेत नाहीत. इथेही तेच धोरण ठेवावे. ज्याला जहाज गाठायचे नाही, त्याने प्रवास करून यावे.

मित्राने यायचे ठरवले, तर माझ्या मते पोर्ट क्लांगपेक्षा पेनांग कितीतरी चांगले. तिथला स्वेटनहॅम धक्का जॉर्जटाऊन शहराला अगदी लागून आहे. जहाजातून उतरून पायी काही मिनिटांत आपण २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेल्या जुन्या वस्तीत पोहोचता. टॅक्सी नको, रहदारीची धास्ती नको आणि गप्पांच्या मध्येही जहाज डोळ्यांसमोर. क्वालालंपूरहून बटरवर्थपर्यंत वेगवान रेल्वे आहे, तिला सुमारे चार तास लागतात, आणि बटरवर्थहून फेरीने समोरच जॉर्जटाऊन. मित्राने आदल्या संध्याकाळी येऊन मुक्काम केला तर सकाळची धावपळ टळेल. मात्र नाताळच्या सुट्टीजवळ आपला प्रवास असेल तर त्याने गाडीचे तिकीट आधीच काढावे.

भेटीसाठी "धक्क्यावर" एवढे म्हणणे पुरत नाही, कारण सुरक्षा कुंपणाच्या आत त्याला सोडणार नाहीत आणि बाहेर तर एकाच वेळी शेकडो माणसे, टॅक्सीवाले, सहलीचे फलक असा गोंधळ असतो. धक्क्यापासून जवळच, कॉर्नवॉलिस किल्ल्याच्या कोपऱ्यावर, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षानिमित्त बांधलेला पांढरा घड्याळ-मनोरा आहे. वर्षाला एक याप्रमाणे त्याची उंची साठ फूट ठेवलेली आहे. असा मनोरा चुकायचा नाही. तिथून लिटल इंडियाचा भागही चालत जाण्याजोगा आहे आणि वहिनींना शाकाहारी जेवण हवे असेल तर केळीच्या पानावरचे दाक्षिणात्य जेवण तिथे मिळते. वहिनी म्हणजे आपल्या सौभाग्यवती. मित्राच्याच शब्दात लिहिले.

आणि जुळे मनोरे? ते पोर्ट क्लांगच्या दिवशी जहाजाच्या सहलीतून पाहून घ्यावेत. उशीर झाला तरी सहलीची जबाबदारी जहाजाची. त्याच सहलीत मनोऱ्याखाली दहा मिनिटे मित्राला उभे करून फोटो काढता येईल, पण इतक्या वर्षांनी होणाऱ्या गाठीला मी तेवढ्यावर भागवणार नाही. मित्राला पेनांगला येणे जमतच नसेल, तर त्याने मोटार घेऊन क्लांग गावात यावे. इंदाह बेटावरून ते क्वालालंपूरपेक्षा बरेच जवळ आहे आणि तिथेही भारतीय वस्तीचा बाजार आहे. घरचे जेवण त्याच्या पत्नीने डब्यात दिले तर उत्तम, पण ते बाहेरच संपवावे. शिजवलेले अन्न जहाजावर चढताना बहुधा अडवतात.

वेळेबाबत एक खबरदारी घ्यावी. सिंगापूर आणि मलेशियाची घड्याळे सारखीच, भारताच्या अडीच तास पुढे. थायलंड मात्र त्यांच्यापेक्षा एक तास मागे. फुकेतला जहाजाने आपले घड्याळ बदलले नाही आणि आपल्या मोबाइलने मात्र किनाऱ्यावरचा टॉवर पकडून वेळ आपोआप बदलली, तर मोबाइलवर तीन वाजलेले असताना जहाजावर चार झालेले असतात. म्हणून मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे आणि जहाजाने स्वतः वेळ बदलल्याखेरीज त्याला हात लावू नये. मित्राला निरोप पाठवताना तारीख, मलेशियाची वेळ, जागा आणि "अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर थांबू नको" हे चारही तपशील एकाच संदेशात लिहावेत. समुद्रात जहाजाचे स्वतःचे मोबाइल जाळे महागडे असते, त्यामुळे मोबाइल विमान स्थितीत ठेवलेला बरा. तसे केले की त्या काळात आपण संपर्कात नसणार, हेही त्याला आधीच सांगावे. वारा-पाऊस किंवा अन्य कारणाने कप्तान एखादे बंदर वगळू शकतो, आणि तसा अधिकार तिकिटाच्या अटींतच लिहिलेला असतो. मित्राला जहाजाचे नाव कळवून ठेवावे. प्रवासी जहाजे आपले ठिकाण सतत प्रक्षेपित करतात, त्यामुळे जहाज कुठवर आले ते त्याला घरबसल्या मोबाइलवर पाहता येते.

कागदपत्रांपैकी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सिंगापूरचा व्हिसा. आपण सिंगापूरला दोनदा प्रवेश करणार, एकदा विमानाने आणि एकदा जहाजाने, म्हणून तो एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे एजंटाकडून लेखी घ्यावे. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसाची सवलत दिलेली आहे, परंतु अशा सवलती मुदतीच्या असतात. निघण्यापूर्वी त्या वेळचा नियम पाहावा. उतरताना जहाजाचे कार्ड आणि पासपोर्टची छायाप्रत जवळ असावी, आणि दैनंदिन पत्रकावरचा बंदरातल्या एजंटाचा दूरध्वनी क्रमांक कागदावर उतरवून खिशात ठेवावा, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते.

प्रश्न : आम्ही मैत्रिणी मुंबईहून गोव्याला जाणारी क्रूझ करणार आहोत. आमची एक मैत्रीण लग्नानंतर मडगावला असते. तिला दुपारी जहाजावर बोलावून आमच्याबरोबर जेवू घालता येईल का? आम्ही तिचे पैसे भरायला तयार आहोत. — एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही, येणार नाही. जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता १ जुलै २००४ पासून लागू आहे आणि तेव्हापासून प्रवासी यादीत नाव नसलेल्या माणसाला जहाजावर घेणे फारच दुर्मीळ झाले आहे. प्रश्न पैशांचा नाहीच. गोव्यात जहाज मुरगाव बंदरात लागते. तेही मोठे मालवाहू बंदर असल्याने मैत्रीण फाटकाच्या आत येऊ शकणार नाही. बंदराला लागूनच वास्को गाव आहे आणि मडगावहून तिथे यायला तिला तासाभराच्या आत जमते. वास्को रेल्वे स्थानकाच्या दाराशी भेटून, तिथल्याच एखाद्या खाणावळीत माशाचे जेवण जेवावे. पणजी तीस किलोमीटरवर आहे. वेळ भरपूर असला तरच तिकडचा विचार करावा. आणि ती रडून निरोप देणारी असेल तर तेवढा वेळही हिशेबात धरावा, ही थट्टा नाही.

प्रश्न : आमची सफर बार्सिलोनाहून असून जहाज एक दिवस रोमला थांबणार आहे. माझ्या बालमैत्रिणीची मुलगी तिथे शिकते. मैत्रिणीने तिच्यासाठी कुंथलगिरीचे पेढे आणि घरची शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे दिली आहे. हे सामान तिच्या हाती कुठे आणि कसे द्यावे? — एक वाचक, कळंब

उत्तर : पेढे घरीच वाटून टाकावेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दूध यांचे पदार्थ आणायला मनाई आहे, आणि ती बार्सिलोनाच्या विमानतळावरच लागू होते, म्हणजे रोमचा प्रश्न येण्याआधीच पेढे जप्त होतील. मैत्रिणीला हे सांगणे अवघड जाईल, पण मुलीपर्यंत रिकामी पिशवी पोहोचण्यापेक्षा ते बरे. शेंगदाण्याची चटणी कोरडी आणि दुधाशिवायची असल्याने तिला ही बंदी लागत नाही. ती चांगल्या हवाबंद पाकिटात, वर काय आहे ते इंग्रजीत लिहून, विमानाच्या मोठ्या बॅगेत टाकावी. तेल सुटले तर कपडे खराब होतील, म्हणून दुहेरी पिशवी वापरावी.

भेटीबद्दल वर लातूरच्या वाचकांना दिलेले उत्तर आपल्यालाही लागू पडते, फक्त अंतर आणखी मोठे आहे. आपले जहाज चिवितावेक्कियाला उभे राहील आणि रोम तिथून सुमारे ऐंशी किलोमीटर आहे. आगगाडी तासाभरात नेते, पण जहाजापासून बंदराच्या फाटकापर्यंत बसनेच जावे लागते आणि पुढे स्थानक गाठायचे असते. आपल्याला रोम पाहायचेच असेल तर जहाजाची सहल घ्यावी आणि मुलीची भेट त्या सहलीच्या मोकळ्या वेळेत बसते का, ते सहलीच्या माणसाला आधी विचारावे. नाहीतर मुलीलाच सकाळच्या गाडीने चिवितावेक्कियाला बोलवावे. विद्यार्थिनीला एका दिवसाचे रेल्वेभाडे जड जात असेल तर ते आपण द्यावे. बंदराच्या तोंडाशी मायकेलअँजेलोच्या नावाने ओळखला जाणारा जुना किल्ला आहे आणि त्याच्या बाजूने समुद्रकाठचा फिरण्याचा रस्ता सुरू होतो. किल्ल्यासमोर भेटून त्याच रस्त्यावर कुठेतरी बसावे. मैत्रिणीला तिथूनच व्हिडिओ कॉल लावायचा असेल तर कळंबची वेळ हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असते, म्हणजे इटलीत दुपारचे बारा वाजले असताना मैत्रीण चहाच्या वेळेला घरी सापडेल.