नाव तुमचंच आहे, पण दाखवणार कशावरून? ट्रेडमार्कची प्रश्नोत्तरे

या वेळचे बहुतेक प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येतात, ब्रँडचं नाव आपण खरंच वापरतोय हे कागदावर दाखवायचं कसं. तर थेट उत्तरं.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): वडिलांनी १९८९ ला कुंद्याचं दुकान सुरू केलं, आता मी बघतो. ट्रेडमार्क माझ्या नावावर घ्यायचाय. एजंट म्हणतो अर्जात 'प्रपोज्ड टू बी यूज्ड' (म्हणजे नाव पुढे वापरणार) टाका, लवकर होतं. टाकू का?

नका टाकू, अजिबात नका. 'प्रपोज्ड' लिहिलं की वापराचं अ‍ॅफिडेव्हिट लागत नाही म्हणून एजंटला ते सोपं, पण उद्या त्याच नावाचा दुसरा कोणी उभा राहिला तर तुम्हीच लिहून दिलेलं असणार की आम्ही अजून नाव वापरायला सुरुवातच केली नाही. आपल्याकडे आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नुसत्या नोंदणीपेक्षा मोठा धरतात, ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ त्यासाठीच आहे आणि २०१५ ला सुप्रीम कोर्टानं तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या केसमध्ये हेच ठासून सांगितलं, तोही मिठाईचाच धंदा. एवढ्या वर्षांची वडिलांची मेहनत एका टिकमार्कवर घालवू नका हो.

ट्रेडमार्कच्या २०१७ च्या नियमांत नियम २५ आहे, जुन्या तारखेपासून वापर सांगितला की अर्जासोबतच अ‍ॅफिडेव्हिट आणि कागद लावायचे. मग घर धुंडाळा. छापखान्याचं डब्याच्या छपाईचं बिल, गणेशोत्सव मंडळाच्या अहवालातली जाहिरात, पेपरातली दिवाळीची जाहिरात (पूर्ण पान ठेवा, तारखेसकट), जुने कॅशमेमो. कॉर्पोरेशनचं लायसन्स लावा पण त्याच्यावर विसंबू नका, कारण त्यावरून दुकान होतं एवढंच कळतं, डब्यावर ते नाव होतं हे कळत नाही. सगळ्यात जुना कागद १९९६ चा निघाला तर १९८९ चा दावा नुसत्या तोंडी आठवणीवर उभा राहतो, आणि समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालतो. खोटी बिलं छापून घेणं तर विचारातही आणू नका, अ‍ॅफिडेव्हिट शपथेवर असतं, एक कागद खोटा निघाला की बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास जातो.

दुसरी गोष्ट, जुने कागद वडिलांच्या नावाचे आणि अर्ज तुमच्या नावाचा, मधली कडी कुठाय? मृत्युपत्र, भागीदारीचं डीड किंवा ब्रँड तुमच्याकडे दिल्याचा लेखी करार, यातलं काहीतरी पाहिजेच. वडील असतील तर या आठवड्यातच करून घ्या. भाऊ-बहिणी असतील तर त्यांच्याशी बोलूनच करा, पुढची भांडणं इथूनच सुरू होतात. जुन्या कागदांवर 'बेळगाव' आणि नव्यावर 'बेळगावी' आहे याची काळजी नको, १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं हे सगळ्यांना माहीत आहे. आणि 'बेळगाव कुंदा' हे दोन शब्द एकट्या तुमचे होणार नाहीत, त्यात गावाचं नाव आणि पदार्थाचं नाव एवढंच आहे, तुमचं जे वेगळं नाव आहे त्यावर जोर द्या.

प्रश्न (निपाणी): मसाल्याच्या ब्रँडचं सर्टिफिकेट २०१७ ला मिळालं. २०१९ पासून माल बंद आहे. आता कोल्हापूरचा एकजण म्हणतो तुमचं रजिस्ट्रेशन रद्द करून घेतो. दहा वर्षं आहेत ना आमच्याकडे?

दहा वर्षं ही रजिस्ट्रेशनची मुदत, न वापरता नाव अडवून ठेवायची नाही. कलम ४७ म्हणतं की मार्क (म्हणजे ट्रेडमार्क) रजिस्टरमध्ये प्रत्यक्ष नोंदल्यानंतर सलग पाच वर्षं किंवा जास्त वापर नसेल तर ज्याचं त्यामुळे अडतंय तो मार्क काढून टाकायला अर्ज करू शकतो. हा काळ त्याच्या अर्जाच्या तीन महिने आधीपर्यंतचा मोजतात, म्हणजे धमकी आल्यावर घाईनं दोन पोती मसाला विकून बिलं फाडली तर त्याचा उपयोग जवळजवळ नाही, वापर प्रामाणिक पाहिजे. त्यानं अजून अर्ज केलेला नसेल आणि तुम्हाला धंदा खरंच परत करायचा असेल तर आजच सुरू करा, एक एक दिवस महत्त्वाचा आहे.

पळवाट एकच, धंद्यातली विशेष परिस्थिती. सुप्रीम कोर्टानं २००३ च्या हार्डी ट्रेडिंग केसमध्ये आयातीवरच्या सरकारी निर्बंधांमुळे बंद पडलेला वापर समजून घेतला होता. पण भागीदार भांडले, भांडवल संपलं, ही कारणं त्यात बसवणं फार अवघड. रिन्यूअलला आपल्याकडे वापराचा पुरावा मागत नाहीत, ऑनलाइन ९,००० रुपये एका क्लासला (मालाच्या एका वर्गाला) भरले की झालं, म्हणूनच लोक गाफील राहतात असं मला वाटतं.

प्रश्न (खानापूर): काजूचं पाकीट मराठीत, दुकानाच्या बोर्डवर कन्नड जास्त, इन्स्टावर इंग्लिश. नोंदणी फक्त देवनागरीची आहे. चालेल?

कर्नाटकात बोर्डवर ६० टक्के कन्नड आता कायद्यानंच लागतं, तेव्हा हा प्रश्न आपल्या भागात बऱ्याच जणांचा आहे. मार्कची ओळख बदलणार नाही एवढा फरक कलम ५५ चालवून घेतं, पण लिपीच बदलली तर ती ओळख तीच राहिली का यावर वाद होऊ शकतो, आणि तो वाद तुम्ही कशाला ओढवून घेताय? ज्या लिपीत माल विकला जातो त्या प्रत्येक लिपीचा वेगळा वर्ड मार्क (नुसत्या शब्दाची नोंदणी) घ्या. स्वतःच्या नावावर अर्ज असेल तर ऑनलाइन फी एका क्लासला ४,५०० रुपये. कन्नड लिपीच्या अर्जात इंग्लिश किंवा हिंदीतला उच्चार आणि अर्थ द्यावा लागतो. तोवर देवनागरीचं पाकीट बंद करू नका, नोंदणी त्याच रूपाची आहे.

प्रश्न (उद्यमबाग): आमचं नाव पंपाच्या कास्टिंगवर ओतलेलं असतं. गिऱ्हाईक दोन-तीनच कंपन्या. एवढा वापर पुरतो का?

पुरतो, किती गिऱ्हाईकं यापेक्षा व्यवहार खरा आहे का हे बघतात. माझी काळजी वेगळी आहे. तुमच्या जीएसटी बिलावर काय लिहिलंय बघा, 'सीआय कास्टिंग' (बिडाचं ओतकाम) आणि एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा आकडा), बरोबर ना? मग ते बिल तुमच्या ब्रँडबद्दल काहीच सांगत नाही. अकाउंटंटला सांगून सॉफ्टवेअरमध्ये आयटमच्या नावातच ब्रँड टाकून घ्या, पाच मिनिटांचं काम, आणि मग रोजचं प्रत्येक बिल आपोआप पुरावा होतं. सोबत नाव दिसेल असा पार्टचा फोटो बॅच नंबरसकट दर महिन्याला काढून ठेवा आणि वर्षाच्या शेवटी सीएकडून त्या ब्रँडच्या विक्रीचा आकडा लिहून घ्या. थेट परदेशात माल जात असेल तर इथं नाव लावून एक्सपोर्ट केलेलाही वापरच धरतात, कलम ५६.

प्रश्न (अथणी): चपलांवर 'कोल्हापुरी' लिहितो, तोच ट्रेडमार्क होईल?

नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय (ठरावीक भागातल्या मालाच्या नावाची नोंद) मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार आणि आपल्या बेळगावी धरून कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचा मिळून. तो शब्द सगळ्या कारागिरांचा आहे. तुम्ही तुमचं स्वतःचं नाव ठरवा, तळव्यावर ठसा मारा, क्लास २५ मध्ये अर्ज करा. कर्नाटकातले अर्ज चेन्नईच्या रजिस्ट्रीत जातात, पण नोंदणी देशभर चालते, म्हणजे कोल्हापूरच्या बाजारातही. नोंदणी होईपर्यंत नावापुढे टीएम लिहा, गोलातला आर सर्टिफिकेट हातात आल्यावरच, आधी लावला तर तो गुन्हा आहे.